झाकणावरची किंमत

माझा थोरला भाऊ दुबईत खेळण्यांच्या दुकानात कामाला आहे, असं आम्ही मोहल्ल्यात सांगायचो. ते काही खोटं नव्हतं. फक्त तो दुकानात नव्हता, दुकानामागच्या गोदामात होता आणि दिवसभर खोकी उचलायचा. तेवढं आम्ही सांगत नव्हतो. एकोणीसशे नव्याण्णवच्या ऑक्टोबरात तो दोन वर्षांनी चाळीस दिवसांच्या रजेवर आला. रिक्षातून उतरताना त्याने आधी एक पाय खाली टेकला, मग रिक्षाची दांडी धरली, थोडा थांबला आणि मग दुसरा पाय काढला. एकोणतीस वर्षांचा माणूस. मी एकवीसची होते आणि मला वाटलं, प्रवासानं अवघडलाय.

शुक्रवार होता. चहा झाल्यावर त्यानं मला मागच्या पडवीत बोलावलं आणि हळू आवाजात सांगितलं, "माझी कंबर गेली गो. अम्माला बोलू नको."

मग त्यानं जे सांगितलं ते मला पहिल्यांदा नीट कळलंच नाही. त्यांच्या दुकानात एक नवीन काउंटर निघणार होता. विलायतेतला कसलासा खेळ, अंगठ्याएवढे शिपाई टेबलावर मांडून लढाई करायची. लहान मुलांचा नव्हे, म्हणे मोठी माणसंही खेळतात. दुकानात कोणालाच तो येत नव्हता. मॅनेजरनं सांगून ठेवलं होतं की जो शिकून घेईल आणि नव्या गिऱ्हाइकाला शिकवील, त्याला काउंटर. काउंटर म्हणजे बसायला स्टूल, वर एसी, आणि उचलायचं काय, तर हातात मावेल एवढं खोकं. म्हणून भाईनं नवशिक्यांसाठी असलेला एक डबा स्वतःच्या पैशानं विकत घेतला होता. कामगारांची सूट धरून दोनशे दिरहम. त्याचा पगार नऊशे होता.

"इंग्रजी माझा कच्चा. तू वाच आणि मला शिकव. आणि एक सवाल मॅनेजर परत परत इचारतो, त्याचा जबाब मला पाठ पायजे. नवा माणूस येतो आणि बोलतो, सुरुवात करायला किती खर्च येईल? काय सांगशील?"

मी हसले. हा काय प्रश्न झाला? डब्यावर किंमत असेल ना!

तेव्हा मी बी.ए. होऊन घरी बसले होते आणि सगळ्या मोहल्ल्याचं इंग्रजी माझ्याकडे होतं. औषधाच्या पुडीवर काय लिहिलंय, व्हिसाच्या कागदावर सही कुठे करायची, सगळे माझ्याकडे यायचे आणि मी जरा जास्तच मान ताठ करून सांगायचे. तेव्हा डब्यातलं नियमांचं हे पुस्तक म्हणजे काय, दोन दिवसांचं काम, असं मी भाईला सांगून टाकलं. तो समाधानानं जुम्म्याच्या नमाजाला गेला.

आता आमच्याकडची एक रीत सांगायला हवी. परदेशातून माणूस आला की त्याची बॅग त्याच्या एकट्याची नसते, घराचीही नसते. शेजारपाजारच्या बायका मुलांना घेऊन येतात, गप्पा मारत बसतात आणि बॅगेकडे कोणी बघत नाही, पण ती उघडेपर्यंत कोणी उठतही नाही. मग घरातली मोठी बाई चटईवर बसून वाटप करते. साबणाची वडी, पावडरचा डबा, अत्तराची बाटली, बाम, टॉर्च. नातं जितकं जवळचं, तितकी वस्तू मोठी. रिकाम्या हातानं कोणाला पाठवायचं नाही, पोरांना तर नाहीच.

त्या दिवशी मी स्वयंपाकघरात सरबत करत होते. भाई मशिदीतच माणसांच्या गराड्यात अडकला होता. अम्मानं बॅग उघडली. दोनशे दिरहम डब्यात गेल्यामुळे बॅगेत नेहमीपेक्षा बरंच कमी सामान होतं. साबण संपले, बाम संपला, आणि समोर पोरांची रांग अजून बसलेली. अम्माला घाम फुटला असणार. मग बॅगेच्या तळाशी तिला तो मोठा डबा दिसला. झाकणावर चिलखत घातलेल्या शिपायांचं चित्र. आत प्लास्टिकच्या चौकटींना चिकटलेले राखाडी शिपाई, एका फौजेचे वीस आणि दुसऱ्या फौजेचे, लांब कानांचे आणि वाकड्या दातांचे, अठ्ठावीस. तिला वाटलं, किती हुशार माझा मुलगा! प्रत्येक पोराला एक पुरेल असं काहीतरी घेऊन आला.

मी ट्रे घेऊन बाहेर आले तेव्हा ती कट्‌कट् करून शिपाई मोडून देत होती, शेंगा सोलाव्या तशी. एकेक पोरगं मूठ मिटून उड्या मारत बाहेर पळत होतं. एकाला आई नाही म्हणून तिनं दोन दिले. घोड्यावर बसलेला सरदार तेवढा तिला आवडला म्हणून तिनं तो शोकेसमध्ये लग्नातल्या कपबशांजवळ ठेवला. पुस्तक कोणाला नको होतं. आणि डब्यातले फासे तिनं ओढणीच्या टोकात गाठ मारून बाजूला ठेवले होते.

"ह्यो जुगाराचा सामान कशाला आणलान यान?" तिनं मला विचारलं.

मी ट्रे तिथेच चटईवर टेकवला. कंबरेचं सांगायचं नव्हतं आणि काउंटरचंही पक्कं होईपर्यंत गुपित. मग अम्माला कळणार तरी कसं होतं? मला तिचा राग आला, मग भाईचा, आणि मग सरबतात साखर कमी पडली म्हणणाऱ्या एका पाहुणीचा.

भाई आला. रिकाम्या चौकटी उचलून एकेक उलटून बघायला लागला. ओरडला असता तर बरं झालं असतं. कंबर सोडून बाकीचं मी अम्माला सांगून टाकलं. तिचा चेहरा पडला, डोळे भरले, पण ती हटली नाही.

"दिलेला परत मागतात काय रे? पोरांच्या हातातून काढून घेव? तोंड कसा दाखवू मी?"

भाईनं रिकाम्या चौकटी परत डब्यात ठेवल्या. आम्हीही त्याच मोहल्ल्यातले.

राहिलं पुस्तक. दोन दिवसांचं काम म्हणून मी छाती पुढे काढली होती, त्या पुस्तकानं मला रडकुंडीला आणलं. शब्द सगळे येत होते आणि अर्थ एकाचाही लागत नव्हता. शिपाई चार इंच चालतो, पण पळाला तर आठ, पण समोर शत्रू आठ इंचांवर असेल तर पळता येत नाही. का? सांगितलेलं नाही. मारायला फासे टाकायचे, लागलं का बघायला पुन्हा टाकायचे, आणि लागलं तरी ढालीमुळे वाचला का बघायला समोरच्यानं टाकायचे. एवढा विचार करून मारायचं तर मारायचं तरी कशाला! मी वाचून भाईला सांगायचे, तो दुसऱ्या दिवशी मला विचारायचा आणि मी वेगळंच सांगायचे. पुन्हा पुस्तक उघडलं की आणखी तिसरंच निघायचं.

शेवटी भाईलाच युक्ती सुचली. शिपाई परत मागायचे नाहीत, पण शिपायांना पोरांसकट बोलावता येईल. दुपार कलल्यावर असरची नमाज झाली की ज्याच्याकडे शिपाई आहे त्यानं आमच्या पडवीत यायचं.

पहिल्या दिवशी नऊ आले, दुसऱ्या दिवशी एकतीस. पडवीच्या फरशीवर खडूनं मैदान आखलं, जांभ्याचे खडे ठेवून डोंगर केले, आणि अम्माच्या शिवणाच्या टेपनं इंच मोजायला लागलो. फासे अम्मानं शेवटपर्यंत दिले नाहीत. त्याऐवजी आम्ही चिंचोके फोडून घेतले, सहा चिंचोके टाकायचे आणि पांढरी बाजू वर येईल तेवढे मोजायचे. चिंचोक्यांना अम्माची हरकत नव्हती. ती स्वतः लहानपणी त्यांवर पट खेळलेली. का हरकत नव्हती ते मला कळलं नाही आणि मी विचारलंही नाही.

पण त्यानं एक घोटाळा झाला. पुस्तकात लिहिलेलं, पाच किंवा सहा पडले की समोरचा मेला. चिंचोके मुठीनं टाकले की दोन, तीन, चार, हेच पडत राहतात. सहा तर आठवड्यात एकदा. तेव्हा कोणी मरेचना. दोन्ही फौजा समोरासमोर येऊन उभ्या राहायच्या आणि सूर्यास्ताला मगरिबची अजान होईपर्यंत नुसती ढकलाढकली. पोरं मात्र खूश, कारण प्रत्येकाकडे एकच शिपाई, तो मेला तर दुसऱ्या दिवशी यायचं कशाला? एकाचा मेला तेव्हा तो असा हंबरडा फोडून घरी गेला की त्याची आई विचारायला आली, आणि भाईला नियम बदलून त्या शिपायाला नुसतं जखमी करावं लागलं.

भाई हे सगळं चटईवर एका कुशीवर पडून करायचा. बसवत नव्हतं त्याला. अम्मा म्हणायची, दुबईला जाऊन नवाबी शिकलाय. मी खाली मान घालून टेप गुंडाळायचे. पण मला दिसत होतं की त्याला खेळ यायला लागलाय. पुस्तकातलं एक वाक्य घेऊन मी अडखळत बसायचे, तोवर तो एखाद्या सात वर्षांच्या पोराला दोन वाक्यांत समजावून मोकळा. एवढं ज्याला जमतं त्याला काउंटर मिळायलाच हवा, याबद्दल मला शंका उरली नाही. मग पंचवीस दिवस झाले आणि शेजारच्या खालानं प्रश्न विचारला.

खालाचा नातू रोज खेळायला यायचा. त्याला आता एका शिपायावर भागत नव्हतं. तिचा मुलगा ट्रॉलरवर तांडेल, म्हणजे होडीचा प्रमुख, हातात पैसा खेळता. ती येऊन भाईला म्हणाली, "एक डबा माझ्या नातवालाही पाठव. केवड्याचा हाय?"

"तुम्हाला चोवीसशे रुपयांना पडेल, खाला."

तिनं छातीला हात लावला, पण म्हणाली, पाठव. नातवाचं तोंड बघून म्हणाली. आणि मी, मला कोणी विचारलं नव्हतं, पुस्तकाचं शेवटचं पान उघडून वाचायला लागले. डब्यावरच्या चित्रात शिपाई रंगीत आहेत, ते आत राखाडी निघतात. रंग वेगळे घ्यायचे. ब्रश वेगळे. चिकटवायचा गोंद वेगळा, चौकटीतून कापायची पकड वेगळी. हे पुस्तक छोटं आहे, खरे नियम मोठ्या पुस्तकात, ते वेगळं. ज्या फौजेशी खेळायचं तिचं आणखी एक पुस्तक, तेही वेगळं. आणि एवढ्या शिपायांनी पुरी लढाई होत नाही, आणखी शिपाई घ्यायचे.

खाला ऐकत राहिली. मग भाईकडे वळली.

"मग ह्यो चोवीसशे काय हाय रे? पयला हप्ता?"

भाई गडबडला. "तसा नाय खाला, नुसता खेळायला एवढा पुरतो..."

"मग हिनं वाचलान तो काय? आदी का नाय बोललास? मी घरी जावन सगळ्यांना चोवीसशे सांगणार, आणि मग महिन्या-महिन्याला रंग दे नि गोंद दे. मला काय फसवतोस?"

ती तरातरा निघून गेली आणि दोन दिवस आली नाही. नातवालाही पाठवला नाही. आमच्याकडे दोन दिवस न येणं म्हणजे लहान गोष्ट नव्हे. भाईला ते फार लागलं. तिसऱ्या दिवशी खाला वाटीतून कालवांचं सुकं घेऊन आली, भाईच्या पुढ्यात ठेवलं आणि म्हणाली, "आदी सगळा सांगावा बाबा. मग घ्यायचा की नाय, माणूस ठरवतो."

बस. माझ्या डोक्यात तेच बसलं. मॅनेजरच्या सवालाचं उत्तर मिळालं, असं मी भाईला सांगितलं. सुरुवात करायला किती खर्च येईल? जो खरा येतो तो, शेवटच्या गोंदापर्यंत. गिऱ्हाईक तुझ्यावर कधी रागावणार नाही.

पण तो खरा आकडा काढायचा कसा? पुस्तकाच्या मागे किमती पौंडात होत्या. पौंडाचे दिरहम भाई करायचा, मी बेरीज करायचे. रंग किती घ्यायचे? पुस्तक म्हणतं, सुरुवातीला थोडे. थोडे म्हणजे किती? एका पानावर सहा, चित्रात मोजले तर अकरा. आणखी शिपाई किती? आवडतील तेवढे. आवडतील तेवढ्यांची बेरीज कशी करतात? चार संध्याकाळी मी घालवल्या आणि चार आकडे आले. साडेचारशे दिरहम, सहाशे, नऊशे, पुन्हा सहाशे. डब्यावर लिहिलंय, खेळायला लागणारं सगळं आत आहे. मी मागच्या पडवीत डबा समोर ठेवून त्या वाक्याकडे बघत बसायचे. ते खोटं नव्हतं. शिपाई होते, फासे होते, नियम होते. एकतीस पोरं रोज खेळत होती, तीही अर्ध्या डब्यावर. मग सुरुवात दोनशेची की सहाशेची? की एका शिपायाची, फुकट? मला कळेना, आणि न कळलेलं कबूल करायचा माझा स्वभाव नव्हता. मी सहाशेवर बोट ठेवलं.

उत्तर मी इंग्रजीत तयार केलं आणि भाईसाठी देवनागरीत लिहून काढलं. एक पूर्ण पान. डबा एवढ्याचा, मग रंग, मग ब्रश, गोंद, पकड, मोठं पुस्तक, फौजेचं पुस्तक, पुढचे शिपाई, एकूण सुमारे सहाशे, आणि त्यापुढे साहेबांच्या आवडीप्रमाणे. भाईनं शंका काढली एकदा. "एवढा लांब? मॅनेजरला आवडेल ना?"

"खरं आहे ते," मी म्हटलं. "पाठ कर."

त्यानं केलं. रोज सकाळी घरामागच्या कातळावर, सुकलेल्या गवतातून फेऱ्या मारत तो मोठ्यानं म्हणायचा. दुबईतल्या डॉक्टरनं चालायला सांगितलं होतंच. अम्माला मागच्या दारातून ऐकू यायचं आणि ती येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवायची, बघा, कसा फाड फाड बोलतो. पण निघायच्या आदल्या दिवशी त्याची बॅग भरताना ती मला म्हणाली, "चाळीस दिस आला खरा. माझ्याजवळ कवा बसला गो?" मी आंबोशीची पिशवी बांधत होते. गाठ बसत नाही असं दाखवून मी तिथेच रेंगाळले.

जानेवारीत पलीकडच्या मोहल्ल्यातला एकजण रजेवर आला, त्याच्याबरोबर भाईची कॅसेट आली. फोन महाग, पत्र लिहायचा त्याला कंटाळा, तेव्हा तो कॅसेट भरून पाठवायचा. दुपारी आम्ही तिघी ऐकायला बसलो, अम्मा, खाला आणि मी. आधी सगळ्यांना सलाम झाले, नावानिशी, पंधरा मिनिटं. मग तो माझ्याशी बोलायला लागला.

काउंटर उघडला होता. पहिल्या दिवशी त्यालाच उभं केलं होतं. मॅनेजर बाजूला हाताची घडी घालून. एक गिऱ्हाईक मुलाला घेऊन आलं, मुलानं डबा उचलून छातीशी धरला, आणि बापानं तोच सवाल विचारला. भाईनं जबाब दिला. पहिल्या शब्दापासून शेवटच्यापर्यंत, कुठेही न अडखळता. गिऱ्हाइकानं शांतपणे सगळं ऐकून घेतलं, त्याच्याशी हात मिळवून आभार मानले, मुलाच्या हातातून डबा काढून परत मांडणीवर ठेवला आणि त्याला एक फुटबॉल घेऊन दिला.

"मॅनेजर बोलला, झाकणावर किंमत छापलीय, ती वाचायची व्हती. आता केरळचा एक पोरगा बसतो तिथं. खेळ त्याला येत नाय. झाकण दाखवतो फक्त." इथे भाई हसला. "पण तुझा इंग्रजी एकदम बराबर व्हता. एक अक्षर चुकला नाय माझा."

"मग बराबरच सांगितलान की," खाला म्हणाली. अम्मानंही मान हलवली.

त्यानं बरोबरच सांगितलं होतं. मीही बरोबरच लिहिलं होतं. मग चुकलं कोण? तो बाप चुकला नव्हता, आणि खरं बोलायचं तर मॅनेजरही चुकला नव्हता, त्याचं दुकान होतं. त्या पोरानं डबा नेला असता आणि चिंचोक्यांवर खेळला असता तर काय बिघडलं असतं? पुढची कित्येक वर्षं मी हे उलटसुलट करून बघितलं आहे आणि प्रत्येक वेळी वेगळी बेरीज येते. तेव्हा मात्र मला एवढंच दिसत होतं की पान माझ्या अक्षरातलं होतं आणि "खरं आहे ते, पाठ कर" हेही मीच म्हटलं होतं, त्यानं विचारलं असताना.

कॅसेट अजून चालू होती. भाईनं पुन्हा सगळ्यांना सलाम सांगितले, अम्मानं तब्येतीला जपावं असं सांगितलं, आणि मशीन बंद करायला उठला. ते लांब ठेवलेलं असावं. खाट कुरकुरली. मग काहीच नाही. मग दातांतून निघालेला एक आवाज, आणि "या अल्ला", अगदी बारीक, आणि पुन्हा खाट. मग फरशीवरून पाय ओढत तो मशीनपर्यंत आला, ते सगळं आम्हाला ऐकू आलं, आणि खट्‌कन बटण.

अम्मानं माझ्याकडे बघितलं. "ह्यो काय झाला गो?"

"काही नाही," मी म्हटलं. "टेप खराब आहे."